नवा प्रोसेसर, मागचा प्रोसेसर: टक्के मोजायचे तरी कशाचे?

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडला लागलं की पाट्या सुरू होतात. ‘आय७ पीसी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी’ आणि खाली ठळक अक्षरांत किंमत. पाटीवर एवढं सगळं असतं, फक्त प्रोसेसरची पिढी नसते. विचारायची असते ती नेमकी तीच. आय७ हे आडनाव आहे. २००८ सालापासून त्या घराण्यात इतके जण जन्माला आले की नुसत्या आडनावावरून माणूस ओळखता येत नाही.

एक जोडी समोर ठेवू. इंटेलचा कोअर आय७ ७७००, सातव्या पिढीचा, बाजारात आला जानेवारी २०१७ मध्ये: ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), कमाल वेग ४.२ गिगाहर्ट्झ. कोअर आय३ १२१००, बाराव्या पिढीचा, जानेवारी २०२२: ४ कोअर, ८ थ्रेड, कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ. कागदावर जुळी भावंडं. पण सिनेबेंच आर२३ या चाचणीत एका कोअरचं काम मोजलं तर आय३ दीडपटीच्या आसपास पुढे असतो. शिवाय सातव्या पिढीचे नेहमीचे डेस्कटॉप प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणजे पाटीवरचा ‘आय७’ जर सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा निघाला, तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी महागच.

आता उलटं उदाहरण. त्याच आय३ १२१०० च्या पुढच्या पिढीत १३१०० आला, त्याच्या पुढच्या वर्षी १४१००. तिघांनाही ४ कोअर, ८ थ्रेड, १२ एमबी एल३ कॅशे (चिपमधली झटपट मेमरी, तिच्याकडे पुढे येऊच). आतल्या कोअरची रचनाही तीच. वेग तेवढा ४.३, ४.५, ४.७ असा वाढत गेला. एका पिढीत साडेचार टक्के, दोन पिढ्यांत नऊ. एवढा फरक कुणाला वापरताना जाणवत नाही. स्टॉपवॉच लावलं तर दिसतो. पिढीचा आकडा ठरवताना कारखान्याइतकाच विक्री विभागाचाही हात असतो, हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं.

वेग येतो कुठून

गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके. ५ गिगाहर्ट्झचा कोअर सेकंदाला ५ अब्ज ठोके देतो. पण एका ठोक्यात किती काम उरकतं, हा दुसरा आकडा, आणि तो खोक्यावर छापलेला नसतो. वडापावच्या गाडीवर दोघं उभे आहेत असं समजा. दोघांचे हात सारख्याच चपळाईने चालतात, पण एकाची कढई लहान, एका घाण्यात आठ वडे निघतात. दुसऱ्याच्या घाण्यात बारा. तासाभराने कुणाकडे जास्त वडे असतील हे सांगायला नको. आय७ ७७०० आणि आय३ १२१०० मधला फरक हा असा कढईचा आहे. दर ठोक्याला होणाऱ्या या कामाला आयपीसी म्हणतात. एका कोअरचा वेग म्हणजे ठोके गुणिले आयपीसी.

नवी पिढी आयपीसी वाढवते म्हणजे काय करते? एकाच वेळी जास्त सूचना उलगडते, त्या राबवायला जास्त यंत्रणा ठेवते आणि पुढे कोडला कुठलं वळण मिळणार याचा अंदाज आधीच्यापेक्षा बरा बांधते. अंदाज चुकला तर तोवर केलेलं काम टाकून देऊन पुन्हा सुरुवात करावी लागते, म्हणून अंदाज सुधारला की बराच वेळ वाचतो.

इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीने झेन ५ या कोअर रचनेसाठी सरासरी १६ टक्के जास्त आयपीसीचा दावा केला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या रचनेचा रायझन ५ ९६००एक्स आला, तो मागच्या, झेन ४ च्या रायझन ५ ७६००एक्ससमोर ठेवला गेला. दोन्हींत ६ कोअर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३. कमाल वेग ५.३ वरून ५.४, म्हणजे दोन टक्केही नाही. दावा धरून चाललं तर १७-१८ टक्के फरक दिसायला हवा होता. गेममध्ये मात्र बहुतेक चाचण्यांत तो पाच टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडेच राहिला. लोक चिडले. पण दावा खोटा नव्हता; सरासरी ज्या कामांची होती त्यात गेम हा एक भाग होता. एव्हीएक्स-५१२ (एकाच वेळी बरेच आकडे हाताळणाऱ्या सूचना) वापरणाऱ्या कामांत झेन ५ ची झेप खरोखर मोठी आहे, कारण झेन ४ ही ५१२ बिटांची सूचना दोन तुकड्यांत राबवायचा आणि डेस्कटॉपवरचा झेन ५ ती एका दमात राबवतो. गेमला त्याचं काही पडलेलं नसतं. गेम अडतो तो दुसरीकडेच.

वाणी किती लांब आहे

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. फोडणीला लागणारं मिसळणाच्या डब्यात, हाताशी. तिथे नसेल तर फडताळात. तिथेही नसेल तर खाली वाण्याकडे. प्रोसेसरचं तसंच. एल१ आणि एल२ कॅशे म्हणजे मिसळणाचा डबा, एल३ म्हणजे फडताळ, रॅम म्हणजे वाणी. एल३ मधून माहिती यायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात, रॅममधून ७०-८०. ५ गिगाहर्ट्झच्या कोअरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. म्हणजे वाण्याकडे एक खेप, ७५ नॅनोसेकंदांची, झाली की ३७५ ठोके गेले. प्रोसेसर तेवढ्यात दुसरी कामं पुढे ओढून घेतो खरा, पण गेममध्ये पुढचं पाऊल मागच्या उत्तरावर अवलंबून असतं. कोअर खूपदा हातावर हात धरून बसतो. कढई कितीही मोठी केली तरी बेसनच आलेलं नसेल तर वडे कुठून निघणार?

रायझन ९००० मध्ये कोअर नवे आले, पण रॅमशी बोलणारी चिप, म्हणजे आयओ डाय, ७००० मालिकेतलीच राहिली. वाणी होता तिथेच. म्हणून गेमचा आकडा फारसा हलला नाही.

हेच सगळ्यात स्वच्छ दिसतं ते रायझन ७ ५८००एक्स आणि ५८००एक्स३डी या जोडीत. पिढी एक, कोअर तेच आठ. एक्स३डीचा वेग उलट कमी, ४.७ ऐवजी ४.५. फक्त एल३ कॅशे ३२ वरून ९६ एमबी, कोअरच्या चिपवर दुसरी कॅशेची चिप रचून. सिनेबेंचमध्ये एक्स३डी थोडा मागे पडतो, गेममध्ये ठळक पुढे जातो. फडताळ तिप्पट झालं, वाण्याकडच्या खेपा घटल्या. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये ही जादा कॅशे कोअरच्या वर न ठेवता खाली घातली. त्याने कोअरची उष्णता थेट कूलरकडे जाते आणि ७८००एक्स३डीचा ५.० गिगाहर्ट्झ वेग ५.२ वर नेता आला.

आणि वाणी लांब गेला तर? ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के आला. त्यात रॅम सांभाळणारा भाग कोअरपासून वेगळ्या तुकड्यावर गेला आणि रॅमपर्यंतची खेप लांबली. हायपरथ्रेडिंगही (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) काढलं: मागच्या आय९ १४९००के मध्ये २४ कोअर, ३२ थ्रेड, इथे २४ कोअर, २४ थ्रेड. तरीही रेंडरिंगमध्ये (चित्रं, व्हिडिओ तयार करण्याच्या कामात) तो मागच्याला गाठतो किंवा मागे टाकतो, आणि वीजही कमी खातो. गेममध्ये मात्र खूपदा मागच्याच पिढीच्या मागे राहतो. ‘नवा आहे म्हणजे वेगवान असणारच’ असं कुणी काउंटरवर म्हणालं तर हे उदाहरण पुरेसं आहे.

नावांच्या फसव्या जागाही याच कॅशेत लपलेल्या असतात. रायझन ७ ८७००जीचा आकडा रायझन ७ ७७०० पेक्षा मोठा, पण रचना झेन ४ चीच आणि एल३ फक्त १६ एमबी, ७७०० च्या निम्मा. त्याची अंगभूत ग्राफिक्स उत्तम आहे. वेगळं कार्ड घेणारच नसाल तर तो चांगलाच. कार्ड लावणार असाल तर लहान आकड्याचा ७७०० गेममध्ये पुढे. रायझन ५ ५५०० आणि ५६०० मध्येही हाच प्रकार: १६ विरुद्ध ३२ एमबी, शिवाय कार्ड जोडायची वाट, पीसीआय एक्सप्रेस, ५५०० ला तिसऱ्या आवृत्तीची, ५६०० ला चौथ्या. थोड्या पैशांसाठी ५५०० घेऊ नये.

वॅट, आणि मुंबईचा मे

७६००एक्स हा १०५ वॅटचा म्हणून विकला जातो, ९६००एक्स ६५ वॅटचा. प्रत्यक्षात सॉकेटमधून जास्तीत जास्त १४२ आणि ८८ वॅट घ्यायची मुभा असते. खोक्यावरचा आकडा हा वीजबिलाचा आकडा नव्हे. म्हणजे वर केलेल्या तुलनेत नव्या चिपला निम्म्याहून थोडं जास्त इंधन दिलं होतं, तरी ती पुढे निघाली. हे फळ गेमच्या आलेखात दिसत नाही. नंतर बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून ९६००एक्स आणि ९७००एक्सला १०५ वॅटची सोय मिळाली, वॉरंटी शाबूत ठेवून. त्यामुळे ऑगस्ट २०२४ मधला आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवताना वॅट बघायलाच हवेत.

वेगाच्या शेवटच्या टप्प्यात वीज अवाच्या सवा लागते. ठोके वाढवायचे तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. म्हणून ७६००एक्स बायोसमध्ये इको मोडवर ६५ वॅटला बांधला तरी सर्व कोअरच्या कामात घट थोडीच होते, आणि पंखा मात्र गप्प बसतो.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या आय९ ला अधिकृत मर्यादा २५३ वॅटची, पण कित्येक मदरबोर्ड ती मर्यादा काढूनच यायचे. एकाच चिपचे दोन बोर्डांवरचे निकाल त्यामुळे वेगळे. पुढे तर या पिढ्यांच्या चिपा, आय५ च्या के प्रकारापासून वरच्या, जादा व्होल्टेजमुळे खराब होऊ लागल्या. गेम सुरू होताना बंद पडणं, ग्राफिक्स मेमरी पुरत नसल्याचा खोटा संदेश, ड्रायव्हर इन्स्टॉल करताना फाइल उघडताना चूक, ही त्याची लक्षणं. इंटेलने २०२४ मध्ये नवा मायक्रोकोड (चिपच्या आतल्या कारभाराचं सॉफ्टवेअर) दिला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण एकदा बिघडलेली चिप अपडेटने बरी होत नाही. सेकंडहँड १३ किंवा १४ व्या पिढीचा आय७, आय९ घेताना बायोसमध्ये ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड आहे का बघा, आणि दुकानातच अर्धा तास भार टाकून बघा.

परदेशी चाचण्या होतात त्या एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद असला तर खोली ३३ वर असते. खोली अकरा अंश गरम, तर त्याच कूलरखाली चिपही जवळपास अकरा अंश गरम. तिकडे ८५ दाखवणारी चिप इथे ९६ कडे जाते. रायझन ७००० (एक्स३डी सोडून) आणि ९००० ची मर्यादा ९५ अंश, इंटेलच्या १३-१४ व्या पिढीची १००. मर्यादेला टेकली की चिप जळत नाही, वेग उतरवते. म्हणून तिकडच्या आलेखातला आकडा इथे दहा मिनिटांनंतर टिकत नाही. ५६००एक्सच्या खोक्यात कूलर येत असे. ७६००एक्स आणि ९६००एक्सच्या खोक्यात येत नाही, तो खर्च वेगळा धरा. दहा बाय दहाच्या खोलीत २५० वॅटचा प्रोसेसर आणि तेवढंच ग्राफिक्स कार्ड म्हणजे अर्धा किलोवॅटचा हीटर चालू.

विजेचा हिशेब करायचा तर: दोन चिपांत भाराखाली १०० वॅटचा फरक, रोज ८ तास पूर्ण भार, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २० युनिट. बेस्ट असो, अदानी असो की टाटा, तुमच्या स्लॅबच्या दराने गुणा. रेंडरिंगचं काम करणाऱ्याला हे लागू. तासभर गेम खेळणाऱ्याने डोकं शिणवू नये.

टक्क्यांची फसगत

गेमच्या चाचणीत ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताणलेलं असेल तर कुठलाही प्रोसेसर लावा, आकडा तोच येईल. दोन प्रोसेसर ‘सारखे’ निघाले म्हणणारी कित्येक तुलना ४के रिझोल्यूशनवर केलेली असते. तिथे मोजलं गेलं ते कार्ड. म्हणून जाणकार १०८०पी वर, सर्वात जोरदार कार्ड लावून मोजतात. मग फरक दिसतो. पण घरी तेवढं जोरदार कार्ड नसेल तर तो फरक तुमच्या वाट्याला येणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

सरासरी एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम्स) शेजारी ‘१ टक्का लो’ असा आकडा असतो. सर्वात रखडलेल्या एक टक्का फ्रेम्सवरून तो काढतात. खेळताना बसणारे झटके त्यात पकडले जातात. सरासरी सारखी असून हा आकडा वर असेल तर ती चिप हाताला गुळगुळीत लागते.

मग वेळेचा घोळ. व्हिडिओ एक्स्पोर्टला २० मिनिटं लागत होती आणि नवी चिप २५ टक्के वेगवान आहे. १५ मिनिटं लागतील असं वाटतं. लागतील १६, कारण २० ला १.२५ ने भागायचं असतं. एफपीएसमध्येही तसंच: १२० वरून १३२ म्हणजे दहा टक्के, पण दर फ्रेममागे वाचला पाऊण मिलिसेकंद. ४० वरून ४४ हेही दहाच टक्के, तिथे वाचतात सव्वादोन मिलिसेकंद, आणि ते डोळ्याला कळतात.

रॅमकडे तर कुणी बघतच नाही. तयार पीसी स्वस्तात बसवायचा म्हणून १६ जीबीची एकच कांडी लावलेली असते. त्याने रॅमची रुंदी निम्मी होते आणि गेममध्ये एका पिढीचा फायदा सहज वाहून जातो. ८ च्या दोन घ्या, आणि चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. शिवाय डीडीआर५-६००० लिहिलेली रॅम बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू केल्याशिवाय बहुधा ४८०० वरच धावते. बारावी ते चौदावी पिढी डीडीआर४ वरही चालते आणि डीडीआर५ वरही, बोर्ड कुठला त्यावर. म्हणून इंटेलच्या तुलनेत रॅम कुठली होती हे न सांगणारा आलेख बाजूला ठेवलेला बरा.

विंडोजचाही वाटा असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ब्रँच प्रेडिक्शनची, म्हणजे वर सांगितलेल्या वळणाच्या अंदाजाची, सुधारणा दिली तेव्हा झेन ३, ४ आणि ५ तिन्ही गेममध्ये सुधारले. त्याआधीचा जुन्या चिपचा आकडा घेऊन नंतरच्या नव्या चिपशी जोडला तर ती झेप विंडोजची असते, श्रेय प्रोसेसरला जातं. विंडोजच्या कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय एका मशीनवर चालू आणि दुसऱ्यावर बंद असली तरी काही टक्के इकडेतिकडे होतात.

आपल्याच मशीनवर

नवा घ्यायच्या आधी जुन्याचं माप काढून ठेवा. एकदा बदलल्यावर जुनं मोजता येत नाही.

पीसी रीस्टार्ट करून दहा मिनिटं तसाच ठेवा, विंडोजची मागची कामं संपू द्या. एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम उघडून फक्त सेन्सर्स चालू ठेवा. त्यात चार गोष्टी बघायच्या: चिपचं तापमान, पॅकेज पॉवर (चिप खाते ती वीज), थर्मल थ्रॉटलिंगपुढे (उष्णतेमुळे वेग उतरणं) ‘येस’ आलं का, आणि ‘इफेक्टिव्ह क्लॉक’. साधा क्लॉक झोपलेल्या कोअरचाही वेग फुगवून दाखवतो. इफेक्टिव्ह क्लॉक खरा. मग सिनेबेंच २०२४ सर्व कोअरवर, पूर्ण दहा मिनिटं. पहिल्या मिनिटाला दिसणारा वेग आणि दहाव्या मिनिटाचा वेग यांत मोठी तफावत असेल तर तुम्हाला नव्या प्रोसेसरची नाही, कूलरची गरज आहे. धुळीने पंखांची फट बुजलेली असते. समुद्राकडच्या खिडकीपाशी ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये तर खाऱ्या हवेने ती धूळ चिकटून बसते आणि नुसत्या ब्लोअरने निघत नाही, ब्रश लागतो.

त्यानंतर रोजचं काम मोजा. हीच खरी चाचणी. तुमचाच एक प्रोजेक्ट, तोच एक्स्पोर्ट, स्टॉपवॉच लावून तीन वेळा. गेम असेल तर त्याच्या आतला बेंचमार्क चार वेळा. पहिली फेरी सोडून द्या, तेव्हा शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात. तीन फेऱ्यांत दोन-तीन टक्के हेलकावे येतातच, त्यामुळे दोन चिपांमधला दोन टक्क्यांचा फरक हा फरक धरू नये.

अडथळा प्रोसेसरचा की कार्डाचा, हे ओळखायला गेमचं रिझोल्यूशन उतरवा. एफपीएस उडी मारून वर गेले तर अडत होतं कार्ड. जागचे हलले नाहीत तर अडतोय प्रोसेसर, मग नव्या पिढीचा विचार करा. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसत असताना प्रोसेसरवर पैसे घालणं म्हणजे दादरला गाडी अडलेली असताना बोरिवलीचा प्लॅटफॉर्म रुंद करणं.

कामानुसार

टॅली, एक्सेल, बँकेच्या साइट, जीएसटी रिटर्न: बाराव्या पिढीपासूनचा आय३ पुरे. इथे एसएसडी आणि रॅम बघा. कोरलड्रॉवर पत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांना एका कोअरचा वेग लागतो, सोळा कोअर नकोत.

लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांसाठी एक बाब सगळ्या बेंचमार्कपेक्षा मोठी आहे. हल्लीचे कित्येक कॅमेरे ४:२:२ १०-बिट एच.२६५ या, रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या प्रकारात चित्रण करतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनची अंगभूत ग्राफिक्स हे फुटेज स्वतः उलगडते, टाइमलाइन सरकते. रायझनच्या अंगभूत ग्राफिक्सला ते येत नाही, आणि एनव्हिडियाच्या कार्डांना आरटीएक्स ५० मालिकेपासून यायला लागलं. म्हणजे दोन पैसे वाचवायला आय५ १४४००एफ घेतला, की शेवटच्या त्या ‘एफ’ने अंगभूत ग्राफिक्सच जाते आणि टाइमलाइन अडखळते. एफ नसलेला घ्या.

गेमसाठी आधीच एएम४ (रायझनचं जुनं सॉकेट) बोर्ड असेल, रायझन ५ २६०० किंवा ३६०० असेल, तर सगळं मोडून नवं उभारण्याआधी ५७००एक्स३डीसारखी मोठ्या कॅशेची चिप सेकंडहँड मिळते का बघा. फक्त चिप बदलायची, बोर्ड आणि रॅम तेच. एएम५ या नव्या सॉकेटवर जायचं तर चिप, बोर्ड आणि डीडीआर५ तिन्ही घ्यावं लागतं, आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव असे भडकले की तुलनेत प्रोसेसरचा फरक किरकोळ वाटावा. कोटेशन घेताना नव्या आणि मागच्या पिढीची नुसती चिप तोलू नका. बोर्ड, रॅम, कूलर धरून दोन पूर्ण बेरजा करा, १८ टक्के जीएसटी आत आहे की वर, ते विचारून. मग त्या बेरजेला आपल्या कामातल्या टक्क्यांनी भागा. बऱ्याचदा मागची पिढी जिंकते, आणि तसं म्हणण्यात कमीपणा नाही.

‘ट्रे’ चिप थोडी स्वस्त मिळते. तिला खोकं नसतं, कूलर नसतो, आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. बिलावर चिपचा सीरियल नंबर आणि वॉरंटीचा काळ लिहून घेतल्याशिवाय घेऊ नका.

चिप बदलताना

बायोस अपडेट जुनी चिप बोर्डावर असतानाच करा. नवी बसवल्यावर बोर्डाने ती ओळखलीच नाही तर पडदा काळाच राहतो. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड असेल तर चिपशिवायही होतं: पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये, फाइलचं नाव बोर्डाच्या पुस्तिकेत दिलंय तसं.

त्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. सुरक्षेची चावी टीपीएम या सुरक्षा भागात असते, आणि रायझनमध्ये तो बहुधा प्रोसेसरच्या आतच असतो. चिप बदलली की विंडोज ती ४८ अंकी की मागू शकतं, आणि ती जवळ नसेल तर डेटा गेला.

एएम४ मध्ये कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून चिपही सॉकेटमधून उपटून येते, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं भार देऊन गरम करा, पीसी बंद करून वायर काढा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलके फिरवत सोडवा. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, तिथे चिप बोटातून निसटू देऊ नका. नव्या कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची चकती काढायला विसरणारे इतके आहेत की ९५ अंशांची तक्रार आली की आधी तेच विचारलं जातं.

एएम५ वर पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटं काहीच दिसत नाही. रॅमची जुळवणी चालू असते. घाबरून वीज बंद केलीत तर ती पुन्हा पहिल्यापासून. आणि सुरू झाल्यावर आधी बायोसमध्ये जा: अपडेटने जुन्या सेटिंग पुसलेल्या असतात, एक्सपो बंद झालेला असतो, आणि नवी चिप जुन्यापेक्षा मंद का, म्हणून येणाऱ्या कित्येक तक्रारींचं उत्तर तेवढ्या एका ओळीत सापडतं.